शिवाजी सेक्शनमधून आलेलं पत्र

डेहराडूनच्या पोस्टिंगमध्ये एका रविवारी सकाळी फोन वाजला. आमच्याच पलटणीतला एक हवालदार. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. तेव्हा तो राजौरीकडे होता, रेंज आली की फोन करायचा.

"साहेब, पोराचं पत्र आलंय गावी. बायकोनं फोटो काढून पाठवलाय. तुमच्याकडे टाकतो. वाचा आणि मला एवढंच सांगा, पोरगं बरं आहे का?"

पोरगं म्हणजे त्याचा थोरला. वय बारा. आदल्या वर्षी पुण्याला प्रवेश परीक्षा देऊन डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडातल्या आरआयएमसीत लागला होता. नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच. आठवीत घेतात आणि बारावीला एनडीएच्या दारात नेऊन सोडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला दर सत्राला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा, त्यातली एक याच्या पोरानं काढली होती. मी गावात हजर, म्हणून लोकल गार्डियनच्या रकान्यात माझं नाव.

पत्र दीड पानी होतं. पहिल्या ओळीत आईला नमस्कार, दुसऱ्या ओळीपासून यादी. पहाटे पीटी. मग शाळा. मग गेम्स. मग प्रेप. क्रॉसकंट्रीत आमच्या सेक्शनचा दुसरा नंबर आला, मी शेवटून सातवा होतो पण पळालो पूर्ण. बॉक्सिंगमध्ये नाकातून रक्त आलं पण पॉइंट मिळाला. डिबेटला मी नव्हतो, टाळ्या वाजवायला होतो. भिंतीवरच्या मासिकात माझं चित्र लागलं, किल्ल्याचं. १३ मार्चला खूप म्हातारे माजी विद्यार्थी आले होते, ते आमच्यापेक्षा जास्त आरडाओरडा करतात. नाटकात मला झाडाचं काम दिलंय, हलायचं नाही. पोहायची परीक्षा आहे. क्विझ आहे. वेळ संपला. खाली सही आणि सहीखाली, गावाचं नाव लिहावं तसं, 'शिवाजी सेक्शन'.

हवालदाराला काय टोचलं ते माझ्या लक्षात आलं. आठवण येते, जेवण गोड लागत नाही, घरी न्या, यातलं एक वाक्यही दीड पानात नव्हतं. "साहेब, मी बेळगावला रंगरूट होतो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. तरी पहिले तीन महिने प्रत्येक पत्रात रडलोय. हे बारा वर्षांचं, आणि याच्या डोळ्याला पाणी नाही?"

बेळगावच्या सेंटरला पहिल्या रात्री मीही उशीत तोंड खुपसलं होतं. त्याला ते सांगितलं नाही. सुभेदारानं हवालदाराला सगळंच सांगायचं नसतं.

दुपारी गढी कॅन्टला गेलो. टपकेश्वर महादेवाच्या बाजूचा हा सगळा टापू जुन्या छावणीचा, खाली टोन्सचं पात्र, वर आंब्या-लिचीची झाडं, आकाश मोकळं असेल तर मसुरीचा डोंगर इतका जवळ दिसतो की हात लावावा. मुलगा आला. कडक इस्त्री, दाढेखाली काहीतरी लपवलेलं, गुडघ्यावर खपली. पाया पडला. मी आडवळण न घेता विचारलं, "घरची आठवण येत नाही का रे?"

"येते ना काका."

"मग पत्रात लिहिलं नाहीस ते?"

त्यानं जरा विचार केला. "रडायला वेळच मिळत नाही हो इथं. रात्री आडवं झालं की एकदम बिगुलच ऐकू येतो."

हवालदाराला मी कळवलं, पोरगं बरं आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रडायला वेळ मिळू नये अशी व्यवस्था कोणीतरी कधीतरी ठरवून केली असणार. आपल्याकडेही पीस स्टेशनला हेच असतं. कंपनी-कंपनीची क्रॉसकंट्री, बॉक्सिंग, हॉकी, बेस्ट लाइन, बेस्ट लंगर. जवान रिकामा बसला की त्याला घर आठवतं, नाही तर उचापत सुचते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे प्रत्येक सुभेदार मेजरला शिकवावं लागत नाही. पण शाळेतल्या पोरांवर हा प्रयोग पहिल्यांदा कोणी केला? पुढचे काही महिने सुट्टीच्या दिवशी मी तेच वाचत बसलो. निघालं ते असं.

'हाऊस' हा शब्द इंग्लंडमधला, आणि मुळात तो खरोखरच घर या अर्थाचा आहे. ईटनसारख्या जुन्या शाळांत बाहेरगावची मुलं गावातल्या बायकांच्या घरी पैसे देऊन राहत. या घरमालकिणींना 'डेम' म्हणत. पुढे मास्तरांनीच अशी घरं चालवायला घेतली. वर्गात लॅटिन-ग्रीक शिकवून झालं की बाकीचा दिवस मुलांचा. मास्तर तिकडे फिरकायचे नाहीत. लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, चहा करायचा, मार खायचा. दुपारभर शेतं तुडवायची, ससे मारायचे, गावकऱ्यांशी भांडायचं.

आणि अधूनमधून बंड करायचं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. १७९७ साली रग्बी शाळेत मुलांनी हेडमास्तरच्या दाराला दारू लावून ते उडवलं. फौजेची माणसं बोलवावी लागली, मुलं मैदानातल्या खंदकाआडच्या बेटावर माघार घेऊन बसली, आणि तिथून त्यांना ताब्यात घेतलं. १८१८ मध्ये विंचेस्टरला पुन्हा तेच, सैनिक संगिनी लावून आले. मार्लबरो ही तर नवी शाळा, १८४३ ची. तिथं १८५१ च्या नोव्हेंबरात मुलांनी फटाक्यांनी सुरुवात करून कित्येक दिवस शाळा हातात ठेवली. आपल्या मुलांना हाऊसचा बिल्ला मिळाला की आपण शिस्तीचं लक्षण म्हणून कौतुकानं फोटो काढतो. त्या बिल्ल्याच्या मुळाशी बेशिस्तीचा असा इतिहास आहे.

रग्बीला १८२८ पासून थॉमस आर्नल्ड हेडमास्तर होते. त्यांनी मोठ्या मुलांनाच जबाबदारी देऊन लहानांवर नेमलं, प्रीफेक्टची पद्धत पक्की केली. त्यांच्या हाताखाली एक तरुण मास्तर होता, जॉर्ज कॉटन. टॉमस ह्यूजनं १८५७ मध्ये रग्बीवर जी कादंबरी लिहिली, 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज', तिच्यातला तरुण मास्तर याच्यावरूनच बेतलेला. बंडानंतर मोडकळीला आलेल्या मार्लबरोला १८५२ मध्ये या कॉटनला हेडमास्तर करून पाठवलं.

कॉटननं जे केलं ते आज साधं वाटतं. दुपार मोकळी आहे म्हणून मुलं बाहेर भटकतात, तर दुपार मोकळी ठेवायचीच नाही. मैदानं आखली. खेळ सक्तीचे केले. प्रीफेक्टांना खेळांची जबाबदारी दिली. स्वतः मैदानात उतरतील असे तरुण मास्तर आणले. पालकांना परिपत्रक पाठवून सांगितलं की दुपारचा वेळ आता शाळेच्या मैदानावरच जाईल. आणि खेळायचं तर कोणाविरुद्ध? हाऊसविरुद्ध हाऊस. जे घर केवळ राहण्या-जेवण्याचं होतं, त्याला आता बाजू आली, रंग आला, हरण्याची लाज आली. दहाएक वर्षांत इंग्लंडभर हेच सुरू झालं. खेळानं चारित्र्य घडतं वगैरे तत्त्वज्ञान नंतर चिकटवलं गेलं. मूळ कारण फौजी माणसाला एका मिनिटात कळेल असं आहे, दंगल होऊ द्यायची नव्हती.

हे सगळं तिकडचंच राहिलं असतं, पण १८५८ साली कॉटन कलकत्त्याचे बिशप होऊन हिंदुस्थानात आले. सत्तावनचा उठाव नुकताच मोडला होता. इथल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी डोंगरात शाळा काढायच्या ही त्यांची योजना. सिमल्याची शाळा त्यातली पहिली. ती सुरुवातीला जतोगला भरायची, ज्यांनी जतोगला पोस्टिंग काढलंय त्यांना तो कडा आठवेल. आज ती बिशप कॉटन स्कूल म्हणून ओळखली जाते, आणि हाऊस व प्रीफेक्ट पद्धत हिंदुस्थानात प्रथम आपणच आणली असं ती शाळा सांगते. खुद्द कॉटन ६ ऑक्टोबर १८६६ रोजी पूर्व बंगालात कुश्तियाला बोटीवर चढताना फळीवरून पाय घसरून नदीत पडले. प्रेतही मिळालं नाही. बंगळूरमधल्या एका शाळेलाही त्यांचं नाव आहे, आणि त्या शाळेच्या बाकावर पुढे कुर्गचा एक मुलगा बसला, कोदंडेरा सुबय्या थिमय्या. त्याच्याकडे येतो.

त्याआधी डेहराडूनची जागा. आजच्या आरआयएमसीच्या आवारात १९२२ च्या आधी इम्पीरियल कॅडेट कोअर होती. लॉर्ड कर्झननं १९०१-०२ मध्ये काढलेली. संस्थानिकांची आणि सरदारांची मुलं घ्यायची, मेरठला आणि डेहराडूनला ठेवायची, घोड्यावर बसवायची, झकास गणवेश घालायचा. इडरचे सर प्रताप सिंह त्यांचे मानद कमांडंट. तिथून निघाल्यावर जे कमिशन मिळे ते वेगळ्या जातीचं असे, गोऱ्या सैनिकाला हुकूम द्यायचा अधिकार त्यात नव्हता. पहिल्या तुकडीतल्या कनोताच्या अमर सिंहांनी चव्वेचाळीस वर्षं रोजनिशी लिहिली. ती पुढे छापून आली आणि त्या काळचं शिस्तीचं, मानापमानाचं आणि कंटाळ्याचं चित्र तिच्यात सापडतं. राजेलोकांच्या या छावणीला 'राजवाडा' म्हणायचे. नाव अजून आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत मेला. आता त्याचा अधिकारी हिंदी का नको, हा प्रश्न टाळता येईना. १९१८ मध्ये सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा हिंदी मुलांना मिळाल्या. मुलं गेली, पण तिथं बरीच अडखळली. कारण लढाईचं नव्हतं. गोरी मुलं आठ-दहा वर्षं अशाच शाळांतून, अशाच हाऊसमधून आलेली. कुठला काटा कुठल्या हातात धरायचा इथपासून हरल्यावर कसं हसायचं इथपर्यंत सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. आपली मुलं ते सगळं अठराव्या वर्षी, परक्या भाषेत, एका हिवाळ्यात शिकायला गेली होती.

म्हणून सरकारनं ठरवलं की ती आठ वर्षं इथंच पुरवायची. १३ मार्च १९२२ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सनं राजवाडा छावणीत 'प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज'चं उद्घाटन केलं. हाच पुढे आठवा एडवर्ड झाला आणि एका बाईसाठी गादी सोडून गेला. माझ्या पोराच्या पत्रातले ते आरडाओरडा करणारे म्हातारे याच तारखेला दरवर्षी जमतात.

शाळेची घडण इंग्लिश पब्लिक स्कूलची, फरक एवढाच की हाऊसला इथं 'सेक्शन' म्हणायचे. नावं रॉबर्ट्स, किचनेर, रॉलिन्सन यांच्यासारख्या लाटसाहेबांची. तिघेही हिंदुस्थानचे सरसेनापती झालेले. पंजाबी मुसलमान जमीनदाराचा मुलगा, कुर्गी कॉफीवाल्याचा मुलगा, रजपूत, जाट, शीख, एखादा मराठा, सगळे एका छपराखाली, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच गोष्टीची चिंता, आपला सेक्शन मागे पडायला नको. थिमय्या कुन्नूर आणि बंगळूर करून इथल्या पहिल्या मुलांत आला आणि १९२६ मध्ये सँडहर्स्टमधून अधिकारी झाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिलात रणगाडे चढवणारे जनरल थिमय्या ते हेच, आणि १९५७ ते १९६१ आपले लष्करप्रमुखही. पुढच्या मुलांत प्रेमिंद्र सिंह भगत. हे आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले. १९४१ च्या सुरुवातीला सुदान-इथिओपियाच्या हद्दीवर त्यांनी चार दिवस जवळजवळ न झोपता सुरुंग काढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. सोमनाथ शर्माही इथलेच. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला ते पडले तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता, हॉकी खेळताना मोडलेला. त्या हातासकट ते कंपनी घेऊन विमानात बसले होते. पहिलं परमवीर चक्र त्यांचं.

इथं एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, कारण ती आमच्यासारख्यांच्या घरची आहे. त्या कॉलेजात तेव्हा हवालदाराचा पोरगा बसू शकला नसता. फी होती, घराणं बघितलं जायचं, वशिला लागायचा. शिपायाच्या मुलांसाठी सरकारनं वेगळी सोय केली होती, किंग जॉर्जच्या नावाच्या शाळा. जालंधर आणि झेलम १९२५ च्या सुमारास, अजमेर १९३०, आमचं बेळगाव १९४५, बंगळूर १९४६. चांगल्या शाळा होत्या, आजही आहेत, आता राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून. पण हेतू स्पष्ट होता. तिथली मुलं चांगले एनसीओ, व्हीसीओ व्हावीत, आणि डेहराडूनची मुलं त्यांचे साहेब. एकाच राज्यात, एकाच बिगुलावर उठणाऱ्या पोरांचे दोन जिने. एक अर्ध्यावर संपणारा.

आणि ज्या सातारा जिल्ह्यातून हे पोरगं आलं, तिथं त्याच काळात तिसराच प्रकार चालू होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. हवालदाराचा आजा रयतच्याच एका बोर्डिंगात शिकलेला, हे मला नंतर कळलं. तिथंही मुलाला रिकामा वेळ नव्हता. पण तिथला दिवस क्रिकेटनं भरलेला नव्हता. दळण, पाणी, शेतातलं काम, स्वयंपाक, आणि उरलेल्या वेळात पुस्तक. महार, मराठा, मुसलमान, जैन एका पंगतीत, एकमेकांच्या हातचं खाऊन. डेहराडूनच्या सेक्शनमध्ये पठाण आणि रजपूत एका बाजूनं खेळत होते, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर जेवत होती. कोणतं अवघड, ज्यानं गाव बघितलंय त्याला विचारू नये. पण मुलाला घर विसरायला लावून दुसरं घर देण्याची किमया दोन्हीकडे एकच, कामात बुडवणे.

मग १९४७ आलं आणि सेक्शननं बांधलेली पोरं दोन फौजांत वाटली गेली. पाकिस्तानच्या हवाई दलाचे पहिले पाकिस्तानी प्रमुख असगर खान, त्यांच्यानंतरचे नूर खान, परराष्ट्रमंत्री झालेले साहबजादा याकूब खान, सगळे डेहराडूनचे. १९७१ चं उदाहरण तर पुण्याच्या वाचकांना जवळचं वाटेल. त्या युद्धात पाकिस्तानी लष्कराचे चीफ ऑफ जनरल स्टाफ होते गुल हसन खान. इकडे राजस्थानची आघाडी ज्या सदर्न कमांडकडे होती, तिचे प्रमुख पुण्यात बसणारे लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर. दोघेही काही वर्षांच्या अंतरानं राजवाड्याच्या त्याच मैदानावर पळालेले. लोंगेवालाची लढाई वाचताना हे डोक्यात ठेवून वाचा, वेगळी लागते. युद्धानंतर गुल हसन काही महिने त्यांच्या फौजेचे मुख्य झाले. बेवूर १९७३ मध्ये आपले लष्करप्रमुख. सीमेपलीकडचे हे जुने विद्यार्थी स्वतःला 'रिमकोलियन' म्हणवतात, इकडचेही. शाळा एकाच बाजूला राहिली, शब्द दोन्हीकडे उरला.

स्वातंत्र्यानंतर प्रिन्स ऑफ वेल्स गेला, पुढे 'रॉयल'च्या जागी 'राष्ट्रीय' आलं. आद्याक्षरं तीच, म्हणजे ताट-वाट्यांवर कोरलेली बदलायला नकोत, असं एक जुना सुभेदार मला हसत म्हणाला. लाटसाहेबांची नावं उतरली आणि चार सेक्शन झाले, प्रताप, रणजित, चंद्रगुप्त आणि शिवाजी. आपल्या लोकांना डेहराडूनला शिवाजी सेक्शन आहे म्हटल्यावर छाती फुगल्यासारखी होते. माझीही झाली. पण वाटपाची गंमत बघा. नावावरून पोरं वाटत नाहीत. शिवाजी सेक्शनचं नाक वर ठेवायला मणिपूरचा, केरळचा, बिहारचा पोरगा जीव तोडून पळतो, आणि साताऱ्याचा एखादा मावळा चंद्रगुप्तसाठी त्याच्याशी भांडतो. या पोराला शिवाजी मिळाला हा निव्वळ योग.

जिन्याचं मात्र खरंच बदललं. १९५२ नंतर किंग जॉर्जच्या शाळा इतरांच्या मुलांनाही खुल्या झाल्या. २३ जून १९६१ ला साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, आणि खेड्यातल्या पोराला एनडीएची वाट आपल्याच जिल्ह्यातून फुटली. डेहराडूनला आता परीक्षा आणि मुलाखत, बापाची रँक विचारत नाहीत. २०२२ च्या जुलैपासून मुलीही आल्या, दर सत्राला पाच. कॉटननं ज्या बंडखोर पोरांसाठी दुपार भरली, त्याच्या डोक्यात हे कधी आलं नसेल.

या पद्धतीचं मी गुणगान करतो असं वाटू नये. मोठ्याच्या हाती लहान दिला की कुठं ना कुठं बूट पुसणं येतंच, इंग्लंडमध्ये ते दीडशे वर्षं गेलं नाही. आणि सतत बाजू घेऊन जगायला शिकलेला मुलगा एकटा पडला की गोंधळतो. पलटणीतून पेन्शनवर गेलेला माणूस बघा. सकाळी अंघोळ करून, दाढी करून, आठ वाजता ओट्यावर बसतो, आणि बायको विचारते, आता काय? वेळ भरून देणाऱ्या संस्थेनं वेळ कसा भरायचा ते शिकवलेलं नसतं. मी स्वतः त्यातलाच आहे, म्हणून तर हे लेख लिहीत बसतो.

जूनमध्ये सत्र संपलं. मी त्याला विक्रममध्ये घालून स्टेशनवर आणलं. रात्रीच्या गाडीनं दिल्ली, तिथं निजामुद्दीनला आमचा एक सुट्टीवर निघालेला नायक थांबला होता, तो त्याला गोवा एक्सप्रेसनं थेट साताऱ्यापर्यंत नेणार होता. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. पहिल्यांदाच त्याच्याकडे करायला काही नव्हतं. क्विझ झाली होती, पोहणं झालं होतं, झाडाचं काम हललं नाही म्हणून शाबासकी मिळाली होती. खिडकीच्या गजाला हात धरून तो बसला होता. मी पाण्याची बाटली भरून आणली तेव्हा तोंड पलीकडे वळवून हमसून हमसून रडत होता. समोरच्या बाकावरची गढवाली म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला बघून म्हणाली, घर जा रहा है, फिर क्यों रोता है? मी काही बोललो नाही. बाटली त्याच्या शेजारी ठेवली आणि फलाटावर उतरलो.

पंधरा दिवसांनी हवालदाराचा फोन. तो सुट्टी मिळवून गावी पोचला होता.

"साहेब, पोरगं बरं आहे. पण एक सांगू का? पहाटे साडेपाचला उठतं आणि अंगणात जाऊन उभं राहतं. नुसतं उभं. आई चहा घेऊन जाते तर म्हणतं, थांब, अजून फॉल-इन व्हायचंय."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार साहेब? मी पण जाऊन उभा राहिलो त्याच्या शेजारी."